मेथीचे मोड आणि एका विषाची दोन रूपे

मुलांनो, 'मालादी द्यु हॅम्बर्गर' हे नाव तुम्ही कदाचित शाळेत ऐकले असेल. अर्धवट शिजलेल्या खिम्यातून ई. कोलाय नावाचा जिवाणू पोटात गेला की हा आजार होतो. "आमच्या घरी बीफ येतच नाही," असे म्हणून आपल्यातले बरेच जण हा विषय सोडून देतात. पण २०११ साली जर्मनीत अशाच जिवाणूने सुमारे ३८०० लोक आजारी पडले आणि ५० हून अधिक दगावले. त्याचे मूळ मोड आलेल्या मेथीत सापडले! तेव्हा हा विषय आपलाही आहे.

ई. कोलाय खरे तर आपणा सर्वांच्या आतड्यात असतो आणि बहुधा काही त्रास देत नाही. मग काही ई. कोलाय इतके घातक का? याचे उत्तर मिळण्यात कॅनडाचा मोठा वाटा आहे. १९७७ साली ओटावात कोनोवाल्चुक आणि सहकाऱ्यांना दिसले की, काही ई. कोलाय एक विष तयार करतात. पुढे १९८३ साली टोरोंटोमध्ये डॉ. करमाली आणि सहकाऱ्यांनी लहान मुलांची मूत्रपिंडे एकाएकी बंद पडण्याच्या आजाराशी या विषाचे नाते दाखवले. रक्ती आव करणारा जिवाणू १८९७ साली शोधणारे जपानी शास्त्रज्ञ शिगा यांच्या नावावरून या विषाला 'शिगा टॉक्सिन' म्हणतात.

या विषाच्या रेणूचे सहा तुकडे असतात. पाच तुकडे पेशीला चिकटतात. सहावा आत शिरून प्रथिने बनवण्याचे काम बंद पाडतो. मूत्रपिंडातल्या बारीक रक्तवाहिन्यांवर त्याला चिकटायला भरपूर जागा मिळते.

विषाची मुख्य रूपे दोन: प्रकार १ आणि प्रकार २. दोघांची रचना निम्म्याहून थोडीच अधिक जुळते. प्रकार १ पेशीला जास्त घट्ट चिकटतो, म्हणजे तोच वाईट असेल असे वाटते. प्रत्यक्षात उलटे आहे! मूत्रपिंडे बंद पडण्याचा धोका प्रकार २ मध्ये जास्त असतो, आणि त्यातही '२-ए' या उपप्रकारात सर्वाधिक. '२-ई' मात्र मुख्यतः डुकरांना आजारी पाडतो. म्हणून नुसते जिवाणूचे नाव कळून भागत नाही, त्याच्याकडे कोणते विष आहे तेही पाहावे लागते.

हे विष जिवाणूला मिळते कुठून? जिवाणूंनाही विषाणूंची लागण होते, आणि विष बनवण्याची 'कृती' हे विषाणूच घेऊन येतात. आम्ही संगणकवाले एका यंत्रातला प्रोग्रॅम दुसऱ्यात कॉपी करतो, तसेच हे. जर्मनीतल्या जिवाणूच्या घराण्यामुळे एरवी साधे पण रेंगाळणारे जुलाब होतात. त्याला '२-ए'ची कृती मिळाली आणि ८०० हून अधिक लोकांच्या मूत्रपिंडांवर परिणाम झाला. त्यांत बहुतेक प्रौढ होते.

आता पालकांसाठी महत्त्वाचे. हा विषाणू जिवाणूच्या आत झोपून असतो. जिवाणूवर घाव पडला की तो जागा होतो आणि विष भराभर तयार होते. काही प्रतिजैविकांमुळे नेमके हेच घडू शकते. भारतात रक्ती आव झाली की डॉक्टर बहुधा प्रतिजैविक देतात, आणि तिथून आणलेल्या गोळ्यांची पाकिटे आपल्या कपाटात असतात. इथे मुलाच्या शौचात रक्त दिसले, तर ती पाकिटे उघडू नका. जुलाब थांबवण्याची गोळीही देऊ नका. आधी डॉक्टरांना दाखवा किंवा ८११ वर फोन करून परिचारिकेचा सल्ला घ्या. बहुतेक मुले आठवड्याभरात बरी होतात. पण जुलाब कमी होत असतानाच लघवी कमी झाली, चेहरा पांढरा पडला किंवा मूल मलूल झाले, तर लगेच इमर्जन्सीत न्या.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी चार गोष्टी:

१. खिमा आतपर्यंत ७१ अंश सेल्सियस तापला पाहिजे. रंगावरून ठरवू नका.
२. उसळ नीट शिजवलेली असेल तर पोटभर खा. कच्चे मोड टाळा.
३. सफरचंदे तोडायला गेलात की पाश्चराइझ न केलेला रस पिऊ नका.
४. गाई-शेळ्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुवा.