सात-आठ डबे कोळसा

पांढुर्णा स्थानकाच्या फलाटावर घटकाभर उभे राहिले, की नागपूर-इटारसी मार्गावरून जाणारी एखादी मालगाडी दृष्टीस पडतेच. कधी कधी तिच्या उघड्या डब्यांत कोळसा असतो. मुले डबे मोजतात, गाडी निघून जाते. घरी परतावे तर पडवीतला दिवा भरदुपारी जळत असतो आणि माणूस नसलेल्या खोलीत कूलर घरघरत असतो. त्या डब्यांचे व या कूलरचे नाते सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

एका दिव्याने असे काय बिघडते, असे वाचक म्हणतील. एका घरापुरते ते खरेच आहे. परंतु टीव्हीखालचा सेट टॉप बॉक्स घ्या. रिमोटने पडदा काळा केला तरी तो जागाच राहतो, आणि पुष्कळ पेट्या अशा स्थितीतही दहा वॅटच्या आसपास वीज घेतात. दिवसाचे वीस तास तो असा राहिला तर वर्षाला ७३ युनिटे जातात. २०२३ साली छिंदवाड्यापासून निराळे होऊन पांढुर्णा व सौंसर या तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यातील केवळ दहा हजार घरांत हे घडते असे धरले, तरी वर्षाची ७,३०,००० युनिटे होतात. कोळशाच्या वीजकेंद्रात एका युनिटामागे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे साडेचारशे-पाचशे टन. फलाटावरून मोजलेले सात-आठ डबे, आणि तेही कोणी न पाहिलेल्या टीव्हीसाठी! त्यातून सातशे टनांच्या घरात कर्बवायू हवेत जातो.

मागे राख उरते, ती वेगळीच. आपल्या देशी कोळशात तिसरा हिस्सा, किंबहुना त्याहूनही अधिक, राखच असते. ती पाण्यात कालवून वीजकेंद्राजवळच्या तलावात सोडतात. २०२२ च्या जुलैत अतिवृष्टीने कोराडी केंद्राच्या खसाळा येथील राखेच्या तलावाचा बांध फुटला, आणि ती राख नाल्यावाटे कोलार व कन्हान नद्यांत उतरली. कन्हान ही आपलीच नदी. सातपुड्यातून निघून सौंसरच्या मुलखातून ती खाली नागपुराकडे जाते व त्या शहराला पिण्याचे पाणी देते. आपली वीज सारणीची की कोराडीची, हा वाद निरर्थक आहे, कारण २०१३ च्या अखेरीपासून सबंध देशाचे वीजजाळे एकच झाले आहे. बिल आपण भरतो खरे. राख मात्र तलावाकाठच्या गावकऱ्याच्या वाट्यास येते, आणि ती कोणत्याही बिलात लिहिलेली नसते.

घराघरांतील ही नासाडी म्हणजेच सारा दोष, असे मात्र कोणी समजू नये. तारांतून होणारी गळती फार मोठी आहे, व तिचा जाब गृहिणीला विचारणे अन्यायाचे होईल. तथापि त्या गळतीमुळेच घरात वाचलेले एक युनिट केंद्रात एकाहून अधिक युनिटे वाचविते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात अनावश्यक दिवे मालविण्यासारखी घरगुती कृत्येही मोलाची मानली, ती उगीच नव्हे.

त्याच वर्षी उजाला योजनेतून एलईडी बल्ब घरोघरी आले. ६० वॅटच्या जुन्या दिव्याचे काम ९ वॅटमध्ये होऊ लागले, ही मोठीच बचत. पण दिवा स्वस्त झाला तशी आपण एकाच्या जागी चार दिवे लावू लागलो, हेही कबूल केले पाहिजे. गच्चीवरील टाकी भरून वाहिपर्यंत मोटार चालू ठेवण्याची सवय तर त्याहून वाईट. संत्र्याच्या बागा जगविण्यासाठी जेथे विहिरी खोल खोल न्याव्या लागतात, तेथे त्या धारेत वीज व पाणी दोन्ही जातात.

सेट टॉप बॉक्सचा मुख्य स्विच बहुधा कपाटामागे दडलेला असतो, म्हणून कोणी तो बंद करीत नाही. वायरमन बोलावून तो हात पोहोचेल अशा उंचीवर घ्यावा. वाचलेल्या ७३ युनिटांतून त्याची मजुरी बहुधा वर्षभरात निघेल.