नद्यांचे आरोग्य आणि देशोदेशीचे विद्यार्थी

बारामती शहरातून वाहणारी कऱ्हा नदी सोनगाव येथे नीरेला मिळते आणि नीरा इंदापूर तालुक्यातील नरसिंहपूर येथे भीमेत विसर्जित होते. त्याच तालुक्याच्या उत्तरेस उजनी धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. इंद्रायणी, पवना, मुळा व मुठा या नद्यांचे पाणी भीमेतून येथे येते आणि त्याबरोबर पुणे व पिंपरी-चिंचवडच्या सांडपाण्याचा भारही येतो. भिगवण-कुंभारगावच्या मच्छीमाराच्या जाळ्यात काय सापडावे, हे सुमारे शंभर किलोमीटर दूरच्या घरांतील मोऱ्यांवर बरेचसे अवलंबून असते.

यास्तव नदीच्या प्रदूषणाचा विचार एका गावापुरता करून चालत नाही. तो अनेकांनी मिळून कसा करावा, हे काही शाळकरी मुलांनी जगाला दाखवून दिले आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतील ॲन आर्बर या गावी ह्युरॉन नदीत जलक्रीडा करणाऱ्या काही विद्यार्थ्यांना कावीळ झाली. मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम स्टॅप यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी पाण्याची तपासणी केली, तेव्हा त्यात मैल्यातील जंतू आढळले. या प्रयत्नातून पुढे १९८९ मध्ये 'ग्रीन' हे नद्यांविषयीचे जागतिक शैक्षणिक जाळे उभे राहिले. १९९४ मध्ये घोषित झालेल्या 'ग्लोब' या उपक्रमात भारत २००० साली सहभागी झाला. त्यात अनेक देशांतील शाळांचे विद्यार्थी ठरलेल्या एकाच पद्धतीने पाण्याचे तापमान, सामू, पारदर्शकता, नायट्रेट व विरघळलेला प्राणवायू मोजतात आणि त्या नोंदी सर्वांसाठी खुल्या ठेवतात.

एकच पद्धत कशासाठी, असा प्रश्न वाचकांना पडेल. एक उदाहरण पाहू. समजा, थंड प्रदेशातील नदीच्या एक लिटर पाण्यात साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू आढळला आणि एप्रिल महिन्यात नीरेतही तेवढाच आढळला. आकडा एकच, परंतु अर्थ वेगळा! १० अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात ११ मिलिग्रॅमहून अधिक प्राणवायू विरघळू शकतो. ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे तिकडची नदी आजारी असू शकते, तर नीरेच्या पाण्यात मावेल तेवढा प्राणवायू आहे. दोन देशांतील मुले एकमेकांस नोंदी कळवितात, तेव्हा असे प्रश्न उपस्थित होतात आणि त्यांची उत्तरे शोधताना विज्ञान समजते.

मोजण्याची वेळही महत्त्वाची असते. शेतातून वाहून आलेली खते व शहरांचे सांडपाणी यांमुळे जलाशयात शेवाळ आणि जलपर्णी माजतात. शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते. रात्री मात्र ते तो वापरते. त्यामुळे दुपारी उत्तम वाटणारे पाणी पहाटे माशांना गुदमरविणारे असू शकते. साखर कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रियेविना नदीत आले, तर त्यातील सेंद्रिय द्रव्य कुजताना प्राणवायू संपतो आणि मासे मरतात. एकदाच घेतलेल्या नोंदीतून हे उमगत नाही. ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, वर्षानुवर्षे मोजावे लागते.

प्रवाहाच्या खालच्या टोकास राहणाऱ्यांचे दुःख केवळ इंदापूरचे नाही. १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वित्झर्लंडमधील बासेल शहराजवळ रसायनांच्या गोदामास आग लागली. विषारी पाणी ऱ्हाईन नदीत शिरले, असंख्य मासे मेले आणि थेट नेदरलँड्सपर्यंत चिंता पसरली. त्यानंतर काठावरील देशांनी एकत्र येऊन नदी सुधारण्याचा कार्यक्रम आखला. ऱ्हाईनच्या मुखाशी राहणारा विद्यार्थी आणि उजनीच्या काठचा विद्यार्थी एकमेकांची व्यथा सहज समजू शकतील.

विद्यार्थ्यांच्या तपासणीने नदी शुद्ध होत नाही, तसेच पाणी पिण्यास योग्य आहे की नाही हे ठरविण्यास प्रयोगशाळाच लागते. तथापि, नित्य नोंद ठेवणारी मुले नदीतील बदल प्रथम ओळखतात आणि त्यांच्या हाती आकडे असल्याने वडीलधाऱ्यांना उत्तर देणे भाग पडते. आपल्या धर्मग्रामातील युवकांनीही शिक्षकांना सोबत घेऊन जवळच्या ओढ्यापासून आरंभ करावा. एक तापमापक, सामू पाहण्याच्या पट्ट्या, एक वही आणि चिकाटी, एवढी सामग्री आरंभास पुरेशी आहे.