अडखळते ते छोट्या शब्दांपाशी

पाटणा, कानपूर वा इंदूरसारख्या कोणत्याही शहरात शिकवणी वर्गांच्या गल्लीतून फेरफटका मारला, की ‘स्पोकन इंग्लिश’च्या पाट्या हमखास दिसतात. थोड्याच दिवसांत अस्खलित इंग्रजीची हमी त्या देतात. तेथे येणारे तरुण अशिक्षित नसतात. शाळेत त्यांनी वर्षानुवर्षे इंग्रजी अभ्यासलेले असते. काहींच्या हाती पदवीही असते. कर्मणी प्रयोग त्यांना ठाऊक असतो. मात्र ‘जरा थांबता का?’ एवढे साधे वाक्य फोनवर इंग्रजीत बोलायचे म्हटले, की घशाला कोरड पडते.

इंग्रजीविषयीचा आपला राष्ट्रीय वाद नेहमी मोठ्या प्रश्नांभोवती फिरला. राज्यघटनेने केंद्राच्या कारभारात इंग्रजीला पंधरा वर्षांची मुदत दिली होती. ती संपत आली तेव्हा, १९६५ मध्ये, मद्रास राज्य हिंदीविरोधी आंदोलनाने पेटले. पश्चिम बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या सरकारने १९८० च्या दशकात सरकारी प्राथमिक शाळांतून इंग्रजी हटवले आणि पुढे तो निर्णय फिरवला. राजभाषा, माध्यम, अस्मिता यांवर भरपूर चर्चा झाली. रोजच्या बोलण्यातील इंग्रजी मात्र दुर्लक्षितच राहिले.

२०११ च्या जनगणनेत इंग्रजी ही मातृभाषा असल्याचे सुमारे २ लाख ६० हजार लोकांनी नोंदवले. दुसरी वा तिसरी भाषा म्हणून तिची नोंद करणारे मात्र सुमारे १३ कोटी होते. म्हणजे या देशात इंग्रजी जवळजवळ सर्वांसाठी शिकून घेतलेली भाषा आहे. ती ज्यांना घरात ऐकायला मिळते त्यांच्या तोंडी सहज रुळते. इतरांना ती केवळ पाठ्यपुस्तकात भेटते.

शब्दांचा तुटवडा ही खरी अडचण नाहीच. तिकीट, स्टेशन, डॉक्टर, फॉर्म, रिचार्ज हे शब्द खेड्यापाड्यांतही रोज वापरले जातात. अडखळायला होते ते शब्दांना जोडणाऱ्या सौजन्याच्या वाक्प्रयोगांपाशी. आपल्या भाषांत आदर बहुधा क्रियापदातच सामावलेला असतो. मराठीतील ‘द्या’, हिंदीतील ‘दीजिए’, तमिळमधील ‘कोडुंगळ’ यांना वेगळ्या विनंतिवाचक शब्दाची गरज भासत नाही. त्याच सवयीने ‘गिव्ह मी वॉटर’ म्हटले, की इंग्रजीत ती आज्ञा ठरते. बोलणारा उद्धट नसतो. त्याचा आदर भाषांतरात गळून पडलेला असतो. ‘कुड आय हॅव’, ‘एक्सक्यूज मी’, ‘वुड यू माइंड’ हे छोटे प्रयोग तो आदर परत मिळवून देतात. उलट ‘शुभ नाम’ शब्दशः उतरवून आपण ‘गुड नेम’ विचारतो, तेव्हा आपले सौजन्य इंग्रजीत शिरते. त्यात हसण्यासारखे काही नाही.

तरीही हसले जाते, आणि खरी जखम तिथेच होते. २०१२ च्या ‘इंग्लिश विंग्लिश’ चित्रपटातील शशी लाडवांचा व्यवसाय समर्थपणे सांभाळते. पण न्यूयॉर्कच्या कॅफेत खाद्यपदार्थ मागवताना ती कोसळते. त्याआधी घरच्यांच्या थट्टेने तिचा आत्मविश्वास पोखरलेला असतो.

या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. आदर वाहणारी आपली क्रियापदे अनादरही तितक्याच सहजतेने वाहतात. कोणाला ‘तू’ म्हणायचे आणि कोणाला ‘आप’, हे शतकानुशतके जात ठरवत आली. इंग्रजीतील ‘यू’ सर्वांसाठी एकच. दलितांना इंग्रजीची ओढ का, याचे एक कारण यात शोधता येते. सावित्रीबाई फुले यांनी १८५४ च्या ‘काव्यफुले’ या संग्रहात इंग्रजी शिकण्याचे आवाहन केले होते. दलित विचारवंत चंद्रभान प्रसाद यांच्या पुढाकाराने २०१० मध्ये उत्तर प्रदेशातील लखीमपूर खीरी जिल्ह्यातल्या बांका गावी ‘इंग्रजी देवी’च्या मंदिराची पायाभरणी झाली. देवीच्या एका हाती लेखणी, दुसऱ्या हाती राज्यघटना. प्रतीक कोणाला पटो वा न पटो, त्यामागची प्रतिष्ठेची भूक खरी आहे.

दुर्दैव असे, की समतेच्या आशेने जवळ केलेल्या या भाषेतही आपण उतरंड रचली. उच्चारावरून घर, शाळा आणि ऐपत ओळखली जाते. मुलाखतीत ज्ञानाआधी धाटणी तोलली जाते.

यावर उपाय अवघड नाहीत. शब्दांच्या याद्या घोकण्याऐवजी प्रसंगानुरूप वाक्ये शिकवावीत: बँकेत चौकशी करणे, दवाखान्यात दुखणे सांगणे, नम्रपणे नकार देणे, ‘मला समजले नाही, पुन्हा सांगाल का?’ असे विचारणे. यातले शेवटचे वाक्य सर्वांत मोलाचे. कारण न समजल्याची कबुली देता आली, की भीती निम्मी सरते. शाळांनी लेखी परीक्षेइतकेच महत्त्व बोलण्याच्या तासाला द्यावे, आणि त्या तासाला चुकण्याची मोकळीक असावी.

उरलेले काम मात्र शिकणाऱ्यांचे नव्हे, ऐकणाऱ्यांचे आहे. समोरचा अडखळला तर त्याचे वाक्य पूर्ण होईपर्यंत थांबावे. ज्यांना इंग्रजी सहज येते, त्यांच्याकडून एवढ्या सौजन्याची अपेक्षा करणे वावगे ठरू नये.