सातबाराच्या मागे किती वर्षं असतात?

एप्रिल २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या एका प्रकरणात जे सांगितलं, ते रत्नागिरीत घर घेऊ पाहणाऱ्याला झोपेतून उठवणारं आहे. समजा, एखाद्या जमिनीशी ज्याचा काडीचा संबंध नाही असा माणूस तिचं खरेदीखत घेऊन दुय्यम निबंधकापुढे उभा राहिला. मुद्रांक शुल्क भरलंय, नोंदणी फी भरलीय, बाकीचे सोपस्कार रीतसर आहेत. तर निबंधकाने तो दस्त नोंदवायचा. विकणारा खरा मालक आहे की नाही, हे ठरवण्याचा अधिकारच त्याला नाही.

यात निबंधकाचा हलगर्जीपणा नाही. नोंदणीचा मूळ कायदा १९०८चा, आणि त्याची रचनाच अशी आहे. नोंद होते ती दस्ताची, मालकीची नव्हे. जे आपलं नाही ते देता येत नाही, त्यामुळे तोतयाकडून घेतलेल्या खरेदीखताने घेणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. मात्र कागदावर शिक्का असतो, अंगठे असतात, फोटोही असतात.

मग मालकी लिहिलेली असते कुठे? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं: सातबारावर. पण महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम १५७ एवढंच म्हणतं की तिथली नोंद खरी मानावी, उलट सिद्ध होईपर्यंत. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही, तो महसुलासाठी असतो, हे न्यायालयांनी पुन्हा पुन्हा सांगितलेलं आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि घरपट्टीची पावती? त्यांवरून कर कोणाकडून घ्यायचा ते कळतं. तलाठ्याकडचा ८अ वेगळाच, तो खातेदाराच्या नावावर गावात किती जमीन आहे ते सांगतो. एकेक कागद खरा असतो आणि एकही पुरेसा नसतो.

थक्क व्हावं अशी गोष्ट ही की आपल्या देशात मालकी कुठल्याही एका कागदावर लिहिलेली नाही. ती अनेक कागदांवरून काढायचा निष्कर्ष आहे. तो काढणारा माणूस म्हणजे घराच्या व्यवहारात तुम्ही गाठलेला वकील.

जगात सगळीकडे असं नाही. ॲडलेडला जकात खात्यात काम केलेल्या रॉबर्ट टॉरेन्सला जहाजांची नोंदवही ठाऊक होती: जहाज कोणाचं, हे सरकारी वहीत पाहिलं की प्रश्न संपला. जमिनीचं असं का नसावं, असं त्याला वाटलं आणि १८५८मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियात तसा कायदा झाला. वहीत नाव तोच मालक, आणि हमी सरकारची. भारतातही हे यावं म्हणून पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटमधले अर्थशास्त्रज्ञ डॉ. डी. सी. वाधवा यांनी १९८९मध्ये सविस्तर अहवाल दिला. पण आजही सरकार मालकीची हमी घेत नाही. ती जबाबदारी घेणाऱ्याची, म्हणून व्यवहारात त्याच्या वकिलाची.

आता रत्नागिरीकडे येऊ, कारण इथे हा निष्कर्ष काढणं देशावरल्यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचं आहे. जांभ्याच्या गडग्याने घेरलेलं दहा-वीस गुंठ्यांचं आवार, कौलारू घर, मागे आंब्याची चार कलमं, विहीर. दिसायला सोपं. त्याचे फेरफार मागे मागे वाचत गेलं की एकाखाली एक थर निघू लागतात.

सगळ्यात खालचा थर खोतीचा. सरकार आणि रयत यांच्यामध्ये उभा राहून सारा गोळा करणारा खोत ही कोकणची खास व्यवस्था. मंडणगड तालुक्यातलं आंबडवे हे ज्यांचं मूळ गाव, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७मध्ये मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा झाला तो १९४९चा. त्याआधीच्या नोंदींत खोताचं नाव दिसलं, तर जमीन त्याच्या खासगीतली होती की रयतेच्या वहिवाटीतली, याचा माग काढावा लागतो. त्या काळचे दस्त पुष्कळदा मोडीत असतात, आणि मोडी वाचणारा माणूस शोधणं हेही मग वकिलाच्या कामात येतं.

त्यावरचा थर कुळाचा. १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने जमिनीचं खरेदीदार मानलं गेलं. पण मानलं जाणं वेगळं आणि काम पुरं होणं वेगळं: कूळ कायद्याच्या कलम ३२ग खाली किंमत ठरायची, ती भरायची, मग ३२मचं प्रमाणपत्र मिळायचं. कुठे किंमत ठरली आणि भरली गेली नाही, कुठे प्रमाणपत्र मिळालं आणि पेटीत पडून राहिलं. सातबाराच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात ‘कलम ४३च्या बंधनास पात्र’ असा शेरा दिसला, की ही त्या दिवसाची सावली समजावी. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली: खरेदीला दहा वर्षं होऊन गेली असतील तर आकाराच्या, म्हणजे जमिनीच्या साऱ्याच्या, चाळीस पट रक्कम भरून विक्री करता येते. ती भरली का आणि चलन कुठे आहे, हे मात्र पाहावंच लागतं.

याच कायद्याचं कलम ६३ मुंबई-पुण्याच्या हौशी खरेदीदाराला आडवं येतं. शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. आणि डोळ्यांना घर दिसलं तरी कागदावर ती जागा बिनशेती झालेली नसेल, गावठाणातही नसेल, तर कायद्याच्या लेखी ती शेतच असते.

तिसरा थर माणसांचा, आणि तो सर्वांत दाट. आजोबांच्या नावाखाली पाच मुलगे, तीन मुली, त्यांची मुलं. निम्मी मुंबईत, काही आखातात. सामायिक सातबारावर पंचवीस-तीस नावं असणं इथे नवल नाही. जुन्या नोंदींत हिस्से आणे-पैत लिहिलेले असतात. सोळा आण्यांचा रुपया, बारा पैंचा आणा, म्हणजे संपूर्ण मिळकतीचे १९२ भाग. ‘१ आणा ४ पै’ लिहिलं असेल तर त्या माणसाचा वाटा सोळा पै, म्हणजे बरोबर एक बारांश. रुपयाचे पैसे दशमान होऊन पासष्टहून अधिक वर्षं उलटली, तरी घरातली भावकी अजून आण्यांत मोजली जाते.

मुलींचा हक्क हा या थरातला नाजूक धागा. महाराष्ट्राने १९९४मध्ये मुलींना सहदायिक केलं, केंद्राने २००५मध्ये. वडील त्या वेळी हयात नसले तरी मुलीचा हक्क जन्मानेच आहे, हे २०२०मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. मात्र २० डिसेंबर २००४पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्र्या अबाधित आहेत. म्हणजे वाटणीपत्रावरची तारीख पाहिल्यावर आत्याची सही लागणार की नाही ते ठरतं. घर कोकणी मुस्लिम कुटुंबाचं असेल तर वारसांची सगळी मांडणीच बदलते, कारण तिथे हिंदू वारसा कायदा लागू नाही.

एकाच भावाचा हिस्सा स्वस्तात मिळतोय म्हणून घेणाऱ्यांसाठी १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात कलम ४४ आहे. एकत्र कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्याने विकत घेतला, तरी त्याला त्या घरात बाकीच्यांबरोबर राहायचा हक्क मिळत नाही. पैसे देऊन घेतलेल्या घराच्या अंगणाबाहेरच थांबायचं!

यापुढे कोकणचे खास फाटे. जमीन एकाची आणि तिच्यावरची कलमं दुसऱ्याची असू शकतात. विहिरीत शेजाऱ्याचा हिस्सा असतो. घरापर्यंतची पाखाडी दुसऱ्याच्या आवारातून जाते, आणि तिची वहिवाट कोणत्याच कागदावर नसते. समुद्रकाठी किनारा नियमन क्षेत्राचे निर्बंध, १९९१पासूनचे. डोंगरउतारावर १९७५च्या खासगी वन कायद्याचा शेरा. चिपळुणात २०२१चा पूर आठवला की पुराची निळी रेषा आणि लाल रेषा कुठून जातात हे का विचारायचं, ते सांगावं लागत नाही.

आता त्या प्रसिद्ध तीस वर्षांचं कोडं. वकील ‘तीस वर्षांचा सर्च’ घेतात. तीसच का? मुदतीच्या १९६३च्या कायद्यात गहाण सोडवून घेण्याची मुदत तीस वर्षं आहे, सरकारला दावा लावायचीही तीस. त्याआधीच्या १९०८च्या कायद्यात दोन्ही साठ होत्या. तीस वर्षांहून जुन्या, योग्य ताब्यातून आलेल्या दस्ताच्या सह्या खऱ्या मानायची मुभा पुराव्याच्या कायद्यात आहे. एवढ्या कालावधीत निबंधक कार्यालयातल्या सूची, म्हणजे इंडेक्स, तपासल्या की जुनं गहाण किंवा आधीची विक्री निसटण्याची शक्यता बरीच कमी होते. बँकेला तेवढं पुरतं. पण साधा हिशेब करा: आजपासून तीस वर्षं मागे गेलं तर आपण १९९५च्या आसपास पोचतो. कोकणातली गोष्ट मात्र १९५७ला किंवा त्याआधी सुरू झालेली असते. निबंधकाकडे तीस वर्षं आणि महसुली कागदांत पहिल्या फेरफारापर्यंत, अशा दोन वेगवेगळ्या खोलींचं खणणं इथे लागतं. स्थानिक वकिलाची खरी किंमत या फरकात आहे. कुठला फेरफार कुठल्या दप्तरात बांधला गेला, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखकडे कसा मागायचा, ‘वरकस’ लिहिलेल्या जमिनीवर काय अपेक्षित असतं, हे तो रोज पाहतो.

असा वकील निवडायचा कसा? इथेही एक गंमत आहे. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. दारावरची पाटीसुद्धा माफक आकाराची हवी, आणि आपण कशात तरबेज आहोत हे तिच्यावर लिहायचं नाही. २००८नंतर संकेतस्थळावर मोजकी माहिती द्यायची मुभा मिळाली, इतकंच. म्हणून वकिलाची ख्याती आजही तोंडोतोंडी पसरते, आणि विचारणाऱ्यालाच नेमकं विचारता यावं लागतं.

पहिली गोष्ट, तो तुमचा असावा. विकणाऱ्याचा नको, एजंटाने ‘आपलाच माणूस’ म्हणून आणलेला नको. कर्ज काढताना बँकेचा पॅनेलवरचा वकील अहवाल देतो. तो बँकेला उद्देशून असतो आणि बँकेचे पैसे सुरक्षित आहेत का एवढंच बघतो. पाखाडीची वहिवाट त्याच्या प्रश्नांत नसते. शिवाय चूक झाल्यावर दाद मागणं सोपं नाही. मे २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही. त्याच न्यायालयाने २०१२मध्ये बँकेच्या एका पॅनेल वकिलाच्या प्रकरणात म्हटलं होतं की निष्काळजी अभिप्राय हा आपोआप कटात सहभाग ठरत नाही. म्हणजे काळजी आधी घ्यायची.

दुसरं, काम काय करणार ते आधी विचारा. सूची कोणत्या कार्यालयांत, कोणत्या वर्षांच्या बघणार, आणि त्या शोधाची पावती देणार का? दिवाणी न्यायालयात चालू दावा आहे का हे पाहणार का? जागेवर येऊन चतुःसीमा बघणार का? जाहीर नोटीस कुठे देणार? रत्नागिरीच्या दैनिकात तर हवीच. पण हिस्सेदार लालबाग-डोंबिवलीत राहत असतील, तर मुंबईतल्या वृत्तपत्रातही हवी, नाहीतर ती नोटीस भिंतीलाच ऐकवल्यासारखी. फी किती आणि तिच्यात काय काय येतं, हे लेखी घ्या.

विकणाऱ्यालाही वकील हवा, आणि तो गिऱ्हाईक येण्याआधी. कारण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५प्रमाणे आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला सहज न कळणारा मालकीतला दोष सांगणं हे विकणाऱ्याचं कर्तव्य आहे. वारस नोंदी करून घेणं, बहिणींचं हक्कसोडपत्र स्वखुशीने आणि नोंदणीकृत करणं, ही कामं वेळ खातात. भाऊ कुवेत-दुबईत असेल तर त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीसमोर होतं, आणि इथे पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावावा लागतो. आणि नुसत्या मुखत्यारपत्राने घर विकलं जात नाही, हे २०११पासून पक्कं झालेलं आहे.

शहरात नवा फ्लॅट घेणाऱ्याची वाट थोडी सुकर आहे. नोंदणीकृत प्रकल्पात जमिनीच्या मालकीत दोष निघाला तर विकासकाने भरपाई द्यायची, आणि त्या मागणीला मुदतीची आडकाठी नाही, असं रेराचं कलम १८ म्हणतं. कौलारू घराला असला आधार नाही.

शेवटी हातात अहवाल येतो. ‘मालकी निर्वेध व बोजारहित आहे’ हे एकच वाक्य लिहिलेला दोन पानी अहवाल वाचायला गोड लागतो. पण अमुक सालचा फेरफार उपलब्ध झाला नाही, अमुक वारसाची संमती पाहिली नाही, मोजणी झालेली नाही, असं स्पष्ट लिहिणारा अहवाल जास्त मोलाचा. त्यात निष्कर्ष किती पक्का आणि कुठे कच्चा ते कळतं, आणि किंमत, अटी किंवा नकार यांतलं काय पुढे करायचं ते तुम्हाला ठरवता येतं. म्हणून पहिल्याच भेटीत वकिलाला विचारा: ‘जे कागद सापडणार नाहीत, त्यांची यादी अहवालात लिहून द्याल ना?’ या प्रश्नावर जो रागावेल त्याला नमस्कार करून बाहेर या. जो म्हणेल, ‘ती तर द्यावीच लागते,’ त्याच्यासमोर फाईल उघडा.