ब्रशचं अक्षर, हात आणि फॉन्ट

आज फॉन्टच्या एकाच जातीबद्दल बोलू: ब्रशने सहज ओढल्यासारखं दिसणारं धावतं अक्षर. याचा सगळ्यांनी पाहिलेला इंग्रजी नमुना म्हणजे ‘ब्रश स्क्रिप्ट’. रॉबर्ट स्मिथ यांनी तो १९४२ साली ‘अमेरिकन टाइप फाउंडर्स’साठी केला.

या अक्षराचा स्वभाव बोलघेवडा. किंचित तिरकं, जाड-बारीक, एकमेकांना धरून चाललेलं. रोमन अक्षरं पायाशी हात धरतात, आपली मात्र डोक्याशी. म्हणून देवनागरीत मोकळेपणा आणायचा तर शिरोरेषेलाच हात घालावा लागतो. कुठे ती तुटक ठेवायची, कुठे एका फटकाऱ्यात शब्दभर ओढायची.

मी दिल्लीजवळ नोएडात राहतो. या पट्ट्यातल्या जुन्या ढाब्यांच्या आणि दुकानांच्या पाट्या पेंटरच्या हातच्या. फ्लेक्स आला आणि त्यांचं काम आटलं. तेव्हा दिल्लीत हनीफ कुरेशी यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ सुरू केलं. पेंटरकडून अक्षरमाला रंगवून घ्यायची, तिचा फॉन्ट करायचा आणि त्याला त्या पेंटरचंच नाव द्यायचं. ‘पेंटर कफील’ हा त्यातलाच. ही अक्षरं धावत्या लिपीपेक्षा सजवलेली जास्त आहेत, पण प्रश्न तोच: हात फॉन्टमध्ये उतरतो का?

‘हळदीकुंकू’ हा शब्द घ्या. यात ‘क’ दोनदा येतो. पेंटर दुसऱ्या ‘क’चा दीर्घ उकार लांब ओढून शब्द संपवेल, पहिला जरा आवरेल. साधा फॉन्ट दोन्ही ‘क’ हुबेहूब एकसारखे छापतो, आणि सहजपणाचं सोंग तिथेच उघडं पडतं. चांगल्या फॉन्टमध्ये एकाच अक्षराची दोन-तीन रूपं भरलेली असतात आणि ती आलटून पालटून येतात. देवनागरीत जोडाक्षरांमुळे आधीच शेकडो आकृत्या काढाव्या लागतात, त्यात ही भर. म्हणून असे फॉन्ट आपल्याकडे कमी. माझ्या मते आळशीपणापेक्षा हे कारण मोठं आहे.

वापरायचा कुठे? आमंत्रणाचा मथळा, खाऊच्या डब्याचं लेबल, व्हिडिओच्या चित्रावरचे तीन-चार शब्द. पत्ता, वेळ, फोन नंबर साध्या अक्षरात. बारीक आकारात ब्रशच्या अक्षरांची पोटं बुजतात आणि ‘घ’चा ‘ध’ होतो. इंग्रजीत लिहीत असाल तर सगळी अक्षरं कॅपिटल करू नका, वाचवत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांनी आणखी एक बघावं. बरेच देवनागरी फॉन्ट हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात. त्यांत ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात, ‘ळ’ कसातरी उरकलेला असतो. विकत घेण्याआधी ‘तऱ्हा’, ‘शाळा’ आणि ‘लाल’ टाइप करून बघा. ‘तऱ्हा’तला अर्धा र नीट बसला नाही, तर पैसे खिशातच ठेवा.