बाणकोटचे पाद्री

मंडळी, आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात स्कॉटिश मिशनऱ्यांनी ठाण मांडलं ते 1823 साली, बाणकोटला. सावित्रीच्या मुखावरचं बंदर. पण बाणकोटच का?

डोनाल्ड मिचेल यांना खरं तर पुणं हवं होतं. हे गृहस्थ आधी कंपनीच्या फौजेत लेफ्टनंट. नोकरी सोडून पाद्री झाले आणि परत हिंदुस्थानात आले. 1813 च्या सनदेनं मिशनऱ्यांना दार उघडलं होतं, परंतु पेशवाई बुडून जेमतेम पाच वर्षं झालेली. पुण्याच्या ब्राह्मणांना दुखवण्याची सरकारची तयारी नव्हती. बाणकोटचा किल्ला मात्र 1756 पासून इंग्रजांकडे. जिल्ह्याची कचेरीही तिथेच होती, ती 1822 मध्ये रत्नागिरीला हलली. म्हणजे साहेब निघाले आणि पाद्री आले! मिचेल त्याच वर्षी वारले.

मागून जेम्स मिचेल, क्रॉफर्ड, कूपर, स्टीव्हन्सन, नेस्बिट आले. बाणकोट-हर्णे परिसरात मराठी शाळा निघाल्या. अक्षरं शिकायला पोरं आली, बाप्तिस्म्याला फारसं कोणी आलं नाही. गावानं आपल्याला हवं तेवढं घेतलं, असं आम्हांला वाटतं.

खरी अडचण भाषेची होती. व्याकरणाची म्हणत नाही आम्ही. नेस्बिटांच्या मराठीची तर ख्याती होती. अडचण अर्थाची. ‘पाप’ म्हणायचं तर ऐकणाऱ्याच्या मनात कर्म आणि पुनर्जन्म आधीच हजर. ‘अवतार’ म्हणावं, तर तो एकच का, दहा का नाहीत? ‘मोक्ष’ म्हणावं तर सुटका कशापासून: पापापासून, की जन्ममरणाच्या फेऱ्यातून? आपला सिद्धान्त सांगायला प्रतिपक्षाचेच शब्द उसने घ्यावे लागतात, आणि उसन्या शब्दांबरोबर त्यांचं दर्शनही येतं. नवे शब्द घडवावेत, तर ते ऐकणाऱ्याला कळणार कसे?

1829 मध्ये जॉन विल्सन मुंबईत उतरले, ते मराठी शिकायला पत्नी मार्गारेटसह इकडेच आले. पुढे 1831 मध्ये मुंबईत मोरभट्ट दांडेकरांशी त्यांचा जाहीर वाद झाला. मोरभट्टांनी हिंदू धर्माच्या समर्थनाचं पुस्तक छापलं, विल्सनांनी 1832 मध्ये उत्तर छापलं. छापखान्याचं हत्यार मिशनऱ्यांचं, पण ते शास्त्र्यांनीही उचललं, ही गोष्ट आम्हांला वादाच्या निकालापेक्षा मोठी वाटते.

आणि स्टीव्हन्सन? त्यांनी 1833 मध्ये मराठीचं व्याकरण छापलं आणि 1842 मध्ये सामवेदाचं इंग्रजी भाषांतर. खंडन करायला आलेला माणूस वेदांचा भाषांतरकार झाला.