शिक्रा की पावशा?

मैत्रिणींनो, जिरं आणि शहाजिरं तुम्ही डोळे मिटून ओळखाल. पण मोबाइलवर आलेल्या फोटोतला पक्षी ओळखायची वेळ आली, की भल्याभल्यांची पंचाईत होते. मागच्या जूनमध्ये माझी चांगलीच फजिती झाली. ती आधी सांगते, म्हणजे तुमची होणार नाही.

शेजारच्या वहिनींनी सोसायटीतल्या गुलमोहरावर बसलेल्या पक्ष्याचा फोटो पाठवला. राखी पाठ, पोटावर तांबूस आडवे पट्टे, शेपटीवरही पट्टे. "ताई, हा कोण हो?" मला पक्ष्यांची हौस, त्यामुळे मीही रुबाबात सांगून टाकलं, "हा शिक्रा. शिकारी पक्षी!" झालं! तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या गॅलरीत लव्हबर्ड्‌सचा पिंजरा. त्यांचा जीव धास्तावला. संध्याकाळी त्यांनी झाडाखाली फटाके वाजवून घेतले आणि पक्षी उडून गेला.

चौथ्या दिवशी पहाटे त्याच झाडावरून आवाज आला, "पेरते व्हा, पेरते व्हा!" अगं बाई, हा तर पावशा! कोकिळेच्या कुळातला, केसाळ सुरवंट नि किडे खाणारा. लव्हबर्ड्‌सच्या वाटेला तो कशाला जाईल? मी अगदी ओशाळले. काकूंकडे जाऊन चूक कबूल केली आणि तो फोटो पुन्हा नीट पाहिला.

मला रंगानं फसवलं होतं. पावशाचं रूप आणि उडण्याची ढब शिक्र्यासारखीच असते. लहान पक्षीसुद्धा त्याला पाहून कलकलाट करतात. मग फरक कुठे? चोचीत आणि पायांत. शिक्र्याची चोच आखूड, टोकाशी आकड्यासारखी वळलेली. पावशाची त्या मानानं सरळ, किंचित बाकदार. शिक्र्याची तीन बोटं पुढे, एक मागे आणि नख्या धारदार. पावशाची दोन पुढे, दोन मागे. शिवाय पावशाच्या डोळ्याभोवती ठसठशीत पिवळी कडा असते. हे सगळं फोटोत होतं, मीच पाहिलं नव्हतं!

तेव्हा फोटो हाती आला की एवढं करा.

रंगाआधी घडण पाहा. पक्ष्याच्या मागून उजेड असेल तर फोटोत कुठलाही पक्षी काळाच दिसतो. नर कोकीळ आणि कावळा यांची गल्लत अशीच होते. कोकिळेची शेपटी लांब, डोळा लालभडक, चोच फिकट हिरवट. कावळ्याची चोच काळी आणि दणकट.

एकाच खुणेवर निकाल देऊ नका. शेपटीखाली लाल दिसलं की आपण लालबुड्या बुलबुल म्हणतो. पण गालावर लाल ठिपका असणाऱ्या बुलबुललाही शेपटीखाली लाल रंग असतो. त्याचा तुरा उंच, टोकदार आणि गाल पांढरा असतो. लालबुड्याचं डोकं काळं, तुरा बेताचा. पिल्लांच्या गालावर लाल ठिपका नसतो, हेही लक्षात ठेवा.

दयाळ आणि चिरक यांचंही तसंच. दोघंही शेपटी उभारून बसतात. दयाळाचं पोट आणि पंखावरचा लांब पट्टा पांढरा. चिरकाचं पोट काळं आणि शेपटीखाली विटकरी रंग.

एकाच फोटोवर भागवू नका. सलीम अलींच्या १९४१ सालच्या 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स'मध्ये रंगवलेली चित्रं होती. चित्रकाराला साऱ्या खुणा एका वेळी दाखवता येतात, फोटोत मात्र एकच क्षण येतो. म्हणून समोरून, बाजूनं, पाठीमागून असे तीन-चार फोटो घ्या. सोबत महिना, जागा आणि ऐकलेला आवाज लिहून ठेवा. पण घरट्याजवळ मात्र जाऊ नका हं.

आता तुम्ही विचाराल, खरंच शिक्रा असता तर? तरीही फटाके नकोतच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. पिंजरा घरात घेतला की काम भागतं. काकूंनी आता तेच केलंय.

आणि खात्री नसेल, तेव्हा "बघून सांगते" म्हणायला लाजू नका. माझ्या एका घाईच्या शब्दानं बिचाऱ्या पावशाला तीन दिवस झाड सोडावं लागलं!